दगडावरच्या खुणा आणि लाकडाचे क्रूस



नोव्हेंबर जवळ आला की आपल्या कबरस्तानात कोयते आणि फावडी दिसू लागतात. पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले गवत कापले जाते, खचलेल्या कबरींवर नवी माती पडते, जे क्रूस अजून उभे आहेत त्यांना रंग लागतो. यंदा या कामाबरोबर एक प्रश्नही आपल्यापुढे आला आहे. त्याचे उत्तर वेदीवरून दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही, म्हणून या पत्रकात लिहितो.

युवक मंडळाच्या मागच्या बैठकीत मुंबईला शिकणाऱ्या आपल्या एका मुलाने शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत काढलेले फोटो दाखवले. संगमरवरी देवदूत, पायऱ्यांवर उभे क्रूस, मधोमध तुटलेला खांब, दगडात कोरलेला नांगर. फोटो सुंदर होते. आपल्या कबरस्तानाचेही असे फोटो काढावेत, असे त्याने सुचवले. तेव्हा एक आजी म्हणाली, ‘मेलेल्यांना तरी सोडा रे.’ दुसऱ्या कुणी म्हटले, काढा, पण मोबाइलच्या स्टेटसवर टाकू नका. आणि मागून एक आवाज आला, ‘आपल्याकडं फोटो काढण्यासारखं हाय तरी काय? वाळवी लागलेले क्रूस?’ बैठकीत सारे हसले. मला मात्र हे शेवटचे वाक्य लागले, आणि या लेखाचे कारण मुख्यतः तेच आहे.

आधी त्या दगडांविषयी. राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्ट वर्षे गादीवर होती. तिचे पती आल्बर्ट १८६१ साली वारले आणि त्यानंतर ती मरेपर्यंत काळ्या कपड्यांत राहिली. त्या काळी इंग्लंडातील चर्चभोवतालच्या जुन्या दफनभूमी भरून वाहत होत्या, त्यामुळे शहराबाहेर बागेसारख्या मोठ्या दफनभूमी तयार झाल्या. लंडनमधील केन्सल ग्रीन १८३३ची आणि हायगेट १८३९ची. तीच पद्धत मुंबईत आली. शिवडीची दफनभूमी १८६०च्या दशकात सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली मुंबईत वारले, ते तिथेच पुरले गेले. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट १९२६ साली तिथेच विसावले. कवी डॉम मोराइस यांनाही २००४ साली तिथेच मूठमाती मिळाली.

त्या काळच्या थडग्यांवरील खुणा म्हणजे एक भाषाच होती. तुटलेला खांब म्हणजे अर्ध्यावर संपलेले आयुष्य. बहुधा तरुण माणसाचा किंवा घराच्या कर्त्याचा. झोपलेले कोकरू लहान मुलाच्या कबरीवर. खाली तोंड केलेली मशाल म्हणजे विझलेला जीव. खसखशीचे बोंड म्हणजे झोप. आयव्ही नावाची सदा हिरवी वेल म्हणजे न सुटणारी आठवण. एकमेकांत गुंफलेले दोन हात बहुधा पती-पत्नीचे असतात. अंगरख्याच्या बाहीवरून कोणता हात पुरुषाचा आणि कोणता बाईचा ते ओळखता येते. क्रुसाखालच्या तीन पायऱ्या श्रद्धा, आशा आणि प्रीती यांच्या मानल्या जातात. नांगर पाहून डहाणूच्या आपल्या मच्छीमार कुटुंबांना वाटेल, हा कुणी दर्यावर्दी असावा. कधी तसे असतेही. पण बहुतेक वेळा तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातला नांगर असतो: जिवाला धरून ठेवणारी आशा. रोममधील भुयारी कबरींत, जिथे पहिल्या शतकांतले ख्रिस्ती पुरलेले आहेत, तिथल्या दगडांवरही हाच नांगर आहे.

एक खूण मला नेहमी कोड्यात टाकते: कापड पांघरलेला कलश. हा अस्थिकलश आहे. पण ती माणसे तर पुरलेली होती! इंग्लंडात आधुनिक काळातले पहिले अधिकृत दहन १८८५ साली वोकिंग येथे झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे दगडी कलश ख्रिस्ती थडग्यांवर बसत होते. त्यांत राख नव्हती, कधी येणारही नव्हती. ग्रीक-रोमन गोष्टींची आवड होती, पाथरवटाकडे नमुन्यांचे पुस्तक होते, गिऱ्हाइकाने पाने उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवले. आपणही हायवेवरच्या ग्रॅनाइटच्या दुकानात हेच करतो.

यावर त्याच काळात टीका करणारा एक मनुष्य होता. ऑगस्टस प्युजिन हा वास्तुशिल्पी तरुणपणीच कॅथोलिक झाला होता. १८४३ साली त्याने एका पुस्तकात नव्या दफनभूमींची भरपूर टिंगल केली: दारे इजिप्तच्या देवळांसारखी, कबरींवर उलट्या मशाली, आणि आत झोपलेले मात्र ख्रिस्ती. त्याचे म्हणणे असे की ख्रिस्ती माणसाच्या थडग्याने ख्रिस्ती श्रद्धाच बोलली पाहिजे. विझलेली मशाल म्हणते, संपले. आपण मात्र दर रविवारी उभे राहून म्हणतो की देहाचे पुनरुत्थान होणार आहे. मग दगडावर एक आणि तोंडात दुसरे असे कसे?

प्युजिनचा हा प्रश्न मला बरोबर वाटतो. त्याचे उत्तर मला अर्धेच पटते. परक्या सर्व खुणा हाकलून द्या, असे ते उत्तर आहे. पण खूण जन्माने ख्रिस्ती नसते, ती वापराने ख्रिस्ती होते. नांगर आधी खलाशांचा होता. ताडाची फांदी आधी रोमन विजयाची होती, आपण ती रक्तसाक्ष्यांच्या हाती दिली. क्रूस तर फाशीचे लाकूड! खुणेला तिच्या जन्मगावावरून हाकलू नये. ती इथे उभी राहून काय म्हणते आणि ते खरे आहे का, हे विचारावे.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे. गेल्या वर्षी आपल्या एका कुटुंबाने विचारले होते की वडिलांच्या कबरीवर सूर्य-चंद्र काढले तर चालतील का. धर्मग्राम समितीत काहींना ते अख्रिस्ती वाटले. मला वाटत नाही. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहारांच्या काळातले वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. आपल्या महाराष्ट्रात वीरगळ पाहाल तर बहुधा माथ्यावर सूर्य आणि चंद्र असतात: ते आहेत तोवर याची आठवण राहो. जव्हार-डहाणूच्या डोंगरपट्ट्यातही काही कुटुंबांत पूर्वजासाठी सूर्य-चंद्र कोरलेली लाकडी फळी उभी करण्याची चाल होती. आणि ख्रिस्ती चित्रकलेत पाहिले तर सहाव्या शतकातील एका सिरियन शुभवर्तमानाच्या हस्तलिखितात, ५८६ सालच्या, क्रुसावरच्या प्रभूच्या एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र आहे. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या फळीवरचे सूर्य-चंद्र क्रुसाशेजारी उभे राहिले तर ते काही नवे करत नाहीत.

पण म्हणून सगळेच चालेल असे नाही. आता वारली चित्रे साऱ्या जगात गेली आहेत. आपल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे कुणी हौसेने सुचवतो, कबरीवर चौक काढू या. थांबा. चौक लग्नाचा आहे. सुवासिनी तो लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघट देवी असते, वंश वाढावा म्हणून. तो कबरीवर काढणे म्हणजे आपल्याच भाषेतला शब्द चुकीच्या जागी बोलणे. राखेच्या कलशासारखेच ते होईल, नमुन्यांच्या पुस्तकातून उचललेले. तारप्याचा नाच कुणाच्या कबरीवर असावा की नाही, हे मी तारपा वाजवणाऱ्याच्या कुटुंबावर सोडीन.

आता ‘आपल्याकडे काय आहे?’ या वाक्याकडे येतो.

शिवडीचे संगमरवरी देवदूत पाहताना ते कुणाला मिळाले हेही पाहायला हवे. मुंबईत सुरुवातीला आलेल्या इंग्रजांत दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य अशी म्हण पडली होती. इतके लोक ताप आणि हगवणीने जात. त्यातल्या ऐपतदारांना दगड मिळाला. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे नेताना हजारो मजूर पटकीने, तापाने, सुरुंगाने गेले. १८६४ साली बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडियाचा मार्ग आपल्या डहाणूवरून मुंबईपर्यंत पोहोचला; आज आपण ज्या लोकलने जातो तिचा तो मार्ग. स्टीव्हन्ससाहेबांचे थडगे दाखवता येते. रुळांखालच्या भरावावर ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांची नावे कोणत्या दगडावर आहेत? वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या शिळा आहेत, मानचिन्हांसह. १७३९ साली किल्ला पडला, छप्पर गेले, आज सहलीला आलेली मुले त्या नावांवरून पळतात. दगडही काही फार निष्ठावंत नसतो.

असा एक प्रश्न संत अगस्तीन यांच्याकडे इ.स. ४२१च्या सुमारास आला होता. एका आईने आपला मुलगा नोला येथील संत फेलिक्स यांच्या थडग्याजवळ पुरला होता. तिथले बिशप पॉलिनस यांनी विचारले, अशा पवित्र जागी पुरल्याने मृताला काही लाभ होतो का? अगस्तीन यांनी उत्तरादाखल एक लहानसे पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगतो. थाटाचा अंत्यविधी मृताच्या उपयोगाचा नाही, तो जिवंतांच्या समाधानाचा आहे. तरीही देह टाकून देण्याची वस्तू नाही. बापाची अंगठी आणि त्याचे कपडे मुलांना प्रिय असतात, मग त्याचा देह तर त्याहून कितीतरी जवळचा. जागेचा उपयोग एवढाच की ती पाहिली की आठवण होते, आणि आठवण झाली की माणूस प्रार्थना करतो. मदत प्रार्थनेने होते, जागेने होत नाही. आणि ज्यांना आई-बाप नाहीत, मुले नाहीत, कुणी नाव घेणारे नाही, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभा आई होऊन, नावे न घेताही, सर्वांसाठी मिळून प्रार्थना करते. मिस्सामध्ये दररोज आपण मृतांची आठवण करतो तेव्हा त्या रुळांखालच्या माणसांसाठीही करतो, हे माझ्या मनात असते.

अगस्तीन यांनी हे पुस्तकी ज्ञानातून लिहिले नव्हते. त्यांची आई संत मोनिका हिने आफ्रिकेत आपल्या गावी नवऱ्याशेजारी स्वतःची कबर आधीच तयार करून ठेवली होती. तिला त्याची फार काळजी असे. पण ३८७ साली गावी परतताना रोमजवळ ओस्तिया बंदरात ती आजारी पडली, तेव्हा मुलांना म्हणाली की हा देह कुठेही पुरा, त्याची चिंता नको. फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीशी माझी आठवण करा. तिला तिथेच पुरले. पुढे १९४५ साली ओस्तियाच्या चर्चजवळ दोन मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती, तेव्हा संगमरवराचा एक तुकडा हाती लागला. तो मोनिकाच्या कबरीवरच्या लेखाचा निघाला. सोळाशे वर्षे जगाने तिला आठवले ते मुलाच्या पुस्तकामुळे आणि वेदीमुळे. दगड मागाहून आला.

म्हणून कर्ज काढून ग्रॅनाइट बसवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो. उमरगाव-वापीच्या कारखान्यांत किंवा वीटभट्टीवर राबून मिळवलेले पैसे बापाच्या दगडासाठी व्याजात जात असतील, तर बाप त्यावर खूश नाही. शेजाऱ्याच्या कबरीपेक्षा आपली कबर खाली दिसू नये, ही काळजी मृतांची नाही. त्याऐवजी मिस्सा ठेवा, आणि नातवंडांना आजोबांचे नाव शिकवा. ज्याच्याकडे आहे त्याने दगड बसवावा, त्यात पाप नाही. पण साधा लाकडी क्रूस म्हणजे कमी प्रेम, हे कुणी कुणाला म्हणू नये. लग्नाचा चौकसुद्धा टिकण्यासाठी काढलेला नसतो. काही वर्षांत तो झडतो, आणि लग्न झाले नव्हते असे कुणी म्हणत नाही.

मग फोटोचे काय?

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक लहान ग्रंथ शिकवला जाई, आठवणीविषयीचा. त्यात तो म्हणतो की चित्राकडे मन दोन प्रकारे जाते: एक, वस्तू म्हणून, रंग आणि रेषा म्हणून, दुसरे, ज्याचे चित्र आहे त्याच्याकडे नेणारी प्रतिमा म्हणून. संत थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्ताच्या प्रतिमेला मान देण्याचा विषय याच भेदावर सोडवला: मान लाकडाला नाही, लाकूड ज्याच्याकडे नेते त्याला. कबरीच्या फोटोला मी हाच भेद लावतो. शेवाळ, सावली, देवदूताचे तुटलेले बोट यांवर नजर थांबली, तर फोटो वस्तूचा झाला. खाली कोण आहे हे नाव वाचून पुढे गेली, तर तो प्रतिमा झाला. पहिले पाप आहे असे मी म्हणणार नाही. सुंदर दगड सुंदरच असतो. पण ज्याच्या डोक्याशी आपण उभे आहोत त्याचे नावसुद्धा न वाचता निघालो, तर त्या आजीची तक्रार खरी ठरते.

दुसरी बाजू आहे. १९७६ साली थिऑन विल्किन्सन यांनी दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींसाठी एक संस्था काढली. तेव्हापासून तिच्या सभासदांनी आपल्या देशातल्याही असंख्य थडग्यांचे लेख उतरवून घेतले, फोटो काढले. अनेक ठिकाणी दगड आता उरलेला नाही, कागदावरचे नाव उरले आहे. पाऊस, पिंपळाची मुळे आणि चोर यांच्यापुढे कॅमेरा हाच काय तो पहारेकरी. मृतांना पुरणे ही दयेची कृती आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकतो. त्यांचे नाव पुसू न देणे हा त्याच कृतीचा भाग मानायला मला अडचण वाटत नाही. २०१६ साली रोमहून दफन आणि दहन यांविषयी जी सूचना आली तिच्यातही एक कारण हेच दिले आहे: पवित्र जागी ठेवल्याने मृतांचा विसर पडत नाही, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होते.

मात्र सगळेच सगळ्यांना दाखवायचे नसते. फ्रान्सचा रोलाँ बार्थ हा लेखक आई गेल्यावर तिचे जुने फोटो चाळत बसला. तिच्या लहानपणीच्या एका फोटोत त्याला ती खरीखुरी सापडली. १९८० साली प्रसिद्ध झालेले फोटोग्राफीवरचे पुस्तक लिहिताना त्याने त्या फोटोविषयी पानेच्या पाने लिहिली, पुस्तकात इतर कितीतरी फोटो छापले, तो मात्र छापला नाही. इतरांना तो एका मुलीचा जुना फोटो एवढाच दिसला असता. बार्थ काही श्रद्धावान लेखक म्हणून ओळखला जात नाही, पण ही मर्यादा त्याला कळली होती. नुकत्याच पुरलेल्या मुलाच्या कबरीवरचा हार आणि त्याशेजारी बसलेली आई यांचा फोटो कितीही चांगला येत असला, तरी तो घ्यायचा नाही. तो तिचा आहे.

समितीशी बोलून पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. युवक मंडळाने आपल्या कबरस्तानातील प्रत्येक क्रुसाचा आणि दगडाचा फोटो घ्यावा, लाकडी क्रुसांपासून सुरुवात करून, कारण त्यांवरची नावे पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहतील याची खात्री नाही. वर्षाच्या आतील कबरीचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरच्यांच्या संमतीशिवाय कुठलाही फोटो मोबाइलवरून पुढे पाठवू नये. फोटो घेण्याआधी नाव मोठ्याने वाचावे आणि मृतांसाठीची लहान प्रार्थना म्हणावी. नाव, गाव-पाडा आणि मृत्यूचे साल हे एका जाड वहीत शाईने उतरवावे. ती वही चर्चच्या मृत्यूनोंदीशेजारी राहील. ज्या उंचवट्यांवर क्रूसच उरलेला नाही, तिथे कोण आहे हे फक्त वयस्कर मंडळींना माहीत आहे. म्हणून ‘मेलेल्यांना तरी सोडा’ म्हणणाऱ्या त्या आजीला मी विनंती केली आहे की तिने मुलांबरोबर फिरून कबरी दाखवाव्यात. ती येते म्हणाली आहे. पाय दुखतात, तेव्हा कुणीतरी तिला गाडीवरून आणावे.

२ नोव्हेंबरला सायंकाळी कबरस्तानात मिस्सा होईल. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत कबरस्तानाला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, नेहमीच्या अटींवर, त्यांच्यासाठी पूर्ण दंडमुक्ती मिळवता येते. भट्टीवर किंवा बोटीवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी येऊन जावे. येताना आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावीत, दाराशी दोन मुली वही घेऊन बसतील.

आपला धर्मगुरू